ऑपरेशन छान झालं, पण ठरवलं कोणी?

कुंपणावरचा (धागाकर्ता)

आधीच सांगतो, हा तक्रारीचा धागा नाही. ऑपरेशन छान झालं. पाय दुखायचा थांबला, टाके निघाले, मी खुर्चीत बसून हे टंकतोय. डॉक्टर हुशार आहेत, हाताला यश आहे. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

कमरेची गादी सरकली होती. डावा पाय कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत ठणकायचा. साधं खोकलो तरी वरून खालपर्यंत कळ जायची. आठ आठवडे गोळ्या, शेक, व्यायाम सगळं झालं. मग एमआरआय. डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, पेनाच्या टोकाने एका करड्या फुगवट्यावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "हे बघा, इथे नस दाबली गेलीय. काढून टाकू. मंगळवार चालेल?"

मी म्हणालो, "चालेल."

झालं. आता नीट बघा. मला विचारलं गेलं ते मंगळवारबद्दल. ऑपरेशनबद्दल कुणी विचारलंच नाही, आणि त्या क्षणी हा फरक माझ्याही लक्षात आला नाही. मी कॅलेंडर आठवत होतो.

नंतर घरी पडल्या पडल्या वाचलं. २००७ साली नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सहा ते बारा आठवडे सायटिकाने (कमरेतली नस दाबली जाऊन पायात उतरणाऱ्या या कळीने) हैराण असलेले २८३ रुग्ण. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्या गटाला सांगितलं की थांबू, अगदीच नाही जमलं तर करू. ज्यांचं लवकर केलं त्यांचं दुखणं लवकर गेलं, हा फायदा खराच. पण वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे बाकीच्यांचं टळलं.

याचा अर्थ माझं ऑपरेशन चुकीचं होतं असा मुळीच नाही. लवकर सुटका हवी की चाकू टळला तर बरा, एवढाच प्रश्न होता, आणि तो तोलायचा कुणी? मला वाटतं मी. कदाचित मीही मंगळवारच निवडला असता. पण मग तो मी निवडलेला असता.

याला 'शेअर्ड डिसिजन मेकिंग' म्हणतात. १९८२ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या एका आयोगाच्या अहवालात हा विचार सविस्तर मांडला होता, म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेली. मी मराठीत 'सहनिर्णय' म्हणतो. सगळे 'हो, असंच व्हायला हवं' म्हणतात आणि होत मात्र नाही. घोडं अडतं कुठे? डॉक्टर, सिस्टर, रुग्ण, नातेवाईक, सगळ्यांनी लिहा.

खडूफळा

पाय बरा झाला, टाके निघाले, डॉक्टर हुशार. मग हा धागा कशासाठी? घर बांधताना वीट कशी लावायची ते आपण गवंड्याला शिकवतो का? ज्याचं काम त्याने करावं.

कुंपणावरचा

वीट कशी लावायची ते नाही शिकवत, खडूफळा. पण खिडकी कुठल्या भिंतीला हवी ते आपणच सांगतो ना? मला खिडकीचं कुणी विचारलं नाही.

सुपारीएवढं

'सहनिर्णय' छान शब्द. 'सामायिक निर्णय' नको, सामायिक म्हटलं की भिंतीवरून भांडण आठवतं. बाकी वाचतेय.

स्टेथोधारी

वाचून गप्प बसणार होतो, पण त्या खिडकीने बसू दिलं नाही.

मी टेबलाच्या पलीकडे बसतो. हाडांचा नाही, फिजिशियन आहे. आधी एक ठळक सूचना, कारण उद्या एखादा सायटिकावाला हा धागा शोधत येईल: लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत मधल्या भागात बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर 'थांबून बघू' हा पर्याय उरत नाही. लगोलग हॉस्पिटल गाठायचं. अशा वेळी 'तुम्हाला काय वाटतं?' म्हणत बसणारा डॉक्टर नकोच. धागाकर्त्याचं तसं नव्हतं. तिथे दोन्ही वाटा शास्त्राला मान्य होत्या आणि कुठली बरी हे त्या माणसाच्या आयुष्यावर ठरणार होतं. सहनिर्णय हवा तो इथे.

आता घोडं अडतं कुठे. सगळे डॉक्टर पहिलं उत्तर देतील: वेळ. मीही देतो. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना समोरच्याच्या मनात काय आहे ते उकरत बसलो तर एकेचाळिसावा दार ठोठावतो. पण खरं सांगू? वेळ हे सांगण्यासारखं कारण आहे. न सांगण्यासारखी दुसरीच आहेत.

एक गृहस्थ आले होते. कोलेस्टेरॉल सीमारेषेवर, बाकी ठणठणीत. मी त्यांना नीट समजावलं की गोळी आजपासून सुरू करता येईल, किंवा तीन महिने चालणं-वजन यांवर काढून पुन्हा तपासता येईल. तुमच्या बाबतीत दोन्ही चालण्यासारखं आहे, तुम्हाला काय झेपेल? ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला नक्की माहीत नाहीये का?" पुन्हा आले नाहीत. नंतर कळलं, दुसऱ्या एकाने अर्ध्या मिनिटात गोळी लिहून दिली आणि ते खूश आहेत. त्यानंतर बरेच दिवस मी पर्याय मांडलेच नाहीत. अनिश्चितता कबूल केली की माणूस जातो, हे मी त्या दिवशी शिकलो.

दुसरं, आमचं शिक्षण. परीक्षेत प्रश्न येतो, 'या आजारावर पहिल्या पसंतीचा उपचार कोणता?' पसंती कोणाची, हे कुणी विचारत नाही.

आणि तिसरं जरा लाजिरवाणं आहे. पर्याय मांडतानाही मी निष्पक्ष नसतो. मला पटलेला पर्याय तीन वाक्यांत सांगतो, न पटलेला एका वाक्यात, तेही केसपेपरकडे बघत. समोरचा माणूस मूर्ख नसतो. त्याला कळतं कुठलं 'हो' अपेक्षित आहे. मग तो म्हणतो, "तुम्ही म्हणाल तसं." आणि मी मनाशी म्हणतो, बघा, यांना ठरवायचंच नसतं.

सुपारीएवढं

डॉक्टर, असं सहसा कुणी लिहीत नाही. आभार.

दशांश

स्टेथोधारी, वेळेचं तुम्हीच अर्धं खोडलंत, उरलेलं मी खोडतो.

रुग्णांना निर्णयाला मदत व्हावी म्हणून पत्रकं, व्हिडिओ, तक्ते तयार केलेले असतात. त्यांवर कॉक्रेनचा (उपचारांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढावा आहे. २०१७ च्या आवृत्तीत १०५ अभ्यास आणि ३१ हजारांवर लोक होते. त्यातल्या ज्या थोड्या अभ्यासांनी वेळ मोजला त्यांत भेट साधारण अडीच मिनिटांनी लांबली. बदल्यात लोकांना पर्याय जास्त नीट कळले आणि 'काय करू, काय करू' ही घालमेल कमी झाली. चाळीस माणसं गुणिले अडीच मिनिटं हे गणित मलाही येतं, शंभर मिनिटं होतात. पण चाळिसांपैकी खरा निर्णय किती जणांचा असतो? सर्दी-तापाला कोण पर्याय मांडतं?

आणि आहे तो वेळ कसा जातो तेही बघा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून मोजलं, की रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी किती वेळात मध्ये तोडतात. १८ सेकंद. १९९९ मध्ये दुसऱ्या गटाने तसंच मोजलं तर २३. पंधरा वर्षांत पाच सेकंदांची प्रगती.

माझा मुद्दा मात्र आकड्यांचाच आहे. आकडा कसा सांगितला यावर निर्णय फिरतो. १९८२ चा एक गाजलेला प्रयोग आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरला शस्त्रक्रिया की किरणोपचार असा काल्पनिक प्रश्न लोकांपुढे ठेवला. काहींना सांगितलं, शस्त्रक्रियेतून १०० पैकी ९० जण वाचतात. काहींना सांगितलं, १०० पैकी १० जण दगावतात. आकडा तोच, पण दुसऱ्या वाक्यानंतर शस्त्रक्रिया निवडणारे घटले. त्यात डॉक्टरही होते, आणि तेही तसेच वाहवले.

दुसरी गंमत टक्केवारीची. समजा तुमच्यासारख्या १००० माणसांत दहा वर्षांत २० जणांना हृदयविकाराचा झटका येणार, आणि गोळीने ते १५ होणार. हे मी दोन प्रकारे सांगू शकतो. 'धोका २५ टक्क्यांनी कमी होतो', किंवा 'हजारात पाच जणांचा झटका टळतो, ९८० जणांना गोळी न घेताही येणार नव्हता आणि १५ जणांना घेऊनही येतो.' दोन्ही खरं आहे. पहिलं वाक्य ऐकून कुणी नाही म्हणेल का? मला विचाराल तर नुसती टक्केवारी तोंडी सांगणं हाच एक अडथळा आहे. कागदावर शंभर ठिपके काढा आणि त्यातले किती रंगतात ते दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.

शांतता_राखा

मी वॉर्डात सिस्टर आहे. तुमचं सगळं वाचलं. आता डॉक्टर बाहेर पडल्यावर काय होतं ते सांगते.

राउंड होतो. डॉक्टर, त्यांच्या मागे चार ज्युनिअर. डॉक्टर उभे, पेशंट आडवा. डॉक्टर विचारतात, "समजलं ना सगळं?" पेशंट मान हलवतो. सगळे पुढच्या बेडकडे जातात. मी सलाईन बघायला थांबते आणि पेशंट माझं मनगट धरून हळूच विचारतो, "सिस्टर, काय म्हणाले हो ते?"

दर राउंडला हे होतं. शिकलेल्यांचंही, न शिकलेल्यांचंही.

संमतीपत्र तर विचारूच नका. ते बहुतेकदा आदल्या रात्री येतं. पेशंट उपाशी, घाबरलेला, चष्मा कपाटात. फॉर्म क्लिपबोर्डला लावलेला, त्याला दोरीने पेन बांधलेलं. पेशंट एकच प्रश्न विचारतो, "सही कुठे करू?" आजवर एकच बाई मला म्हणाल्या होत्या की थांबा, मी वाचते. त्यांनी वाचायला घेतलं आणि त्यांच्या मुलाने डोळे वटारले, "आई, सिस्टर खोळंबल्यात." मी म्हटलं, नाही खोळंबले. पण खोटं कशाला बोलू, खोळंबले होते. आणखी सहा फॉर्म हातात होते.

नातेवाईक हा तर वेगळाच धागा होईल. पेशंटबद्दलचं सगळं बोलणं कॉरिडॉरमध्ये होतं. मुलगा, जावई, भाऊ डॉक्टरांना घेरून उभे. आत येऊन पेशंटला सांगतात, "काही नाही, छोटंसंच आहे." पेशंट छताकडे बघत असतो. त्याला कळतं, छोट्यासाठी तिघंजण कॉरिडॉरमध्ये जात नाहीत.

दशांश

सिस्टर, तुमच्या 'काय म्हणाले हो ते'ला आकडेवारी जोडतो. अमेरिकेतला २०१० चा अभ्यास. हृदयाचं दुखणं स्थिर असलेल्या, अँजिओप्लास्टीला संमती दिलेल्या रुग्णांना विचारलं, हे कशासाठी करताय? ८८ टक्क्यांना वाटत होतं की यामुळे हार्ट अटॅकचा धोका कमी होईल. त्यांच्याच हृदयरोगतज्ज्ञांना विचारलं तर बहुतेकांचं म्हणणं, अशा रुग्णाला फायदा छातीतलं दुखणं कमी होण्यापुरताच. (अटॅक चालू असताना करतात त्या अँजिओप्लास्टीची गोष्ट वेगळी, तिने जीव वाचतो.) सही एकाच कागदावर, पण दोघांच्या डोक्यातलं ऑपरेशन वेगवेगळं.

खडूफळा

डॉक्टर उभे नि पेशंट आडवा, हे वाचून मात्र थांबलो. शाळेत मी उभा असायचो नि मुलं बसलेली. "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग "होऽऽ" म्हणायचा. मला पक्कं ठाऊक असायचं की चौघांनाच समजलंय. म्हणून मी "समजलं का" विचारणं सोडलं होतं. "आता तू सांग" म्हणायचो.

शांतता_राखा

सर, अगदी हेच आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात! टीच-बॅक म्हणतात त्याला. 'समजलं का' नाही विचारायचं, 'घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल ते मला सांगा' म्हणायचं. शिकवतात सगळ्यांना. करतात किती ते नका विचारू.

कान_देऊन

माझ्या सासऱ्यांची गोष्ट. वय ८१. डॉक्टर काहीही म्हणाले की प्रसन्न हसून मान डोलावतात. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "बाबा फार समजूतदार आहेत, सगळ्याला तयार असतात."

बाबांना ऐकू येत नाही हो. डाव्या कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं, कारण ते शिट्टी मारतं. उजव्या कानाने येतं ते तुटक. ओठ बघून बरंच लावून घेतात, पण समोर मास्क असला की तेही गेलं. मी त्यांना गाडीत विचारलं, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले?" तर म्हणाले, "काहीतरी चांगलंच म्हणत होते, आवाज प्रेमळ होता."

पुढच्या खेपेला मी पाटी-पेन्सिल नेली. खरीखुरी पाटी, नातीची. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी तिच्यावर दोनच ओळी लिहिल्या: 'रक्त पातळ करायची गोळी घ्यायची की नाही. घेतली तर पक्षाघात टळेल, पण पडलात तर रक्तस्राव जास्त.' बाबांनी ते दोनदा वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांना प्रश्न विचारला. "मी गेल्या वर्षी तीनदा पडलो, हे तुम्हाला यांनी सांगितलंय का?"

नव्हतं सांगितलं. आम्हालाच त्यातलं एकदाच पडल्याचं माहीत होतं.

स्टेथोधारी

हा प्रतिसाद छापून केबिनमध्ये लावावासा वाटतोय. (गोळीबद्दल एक पुरवणी: पडण्याच्या भीतीने ती सरसकट नाकारणंही बरोबर नसतं, बऱ्याच जणांना तरीही फायदाच जास्त असतो. पण तो हिशेब 'तीनदा' हे कळल्यावरच मांडता येतो.)

नकोच_ते

इतका वेळ वाचतेय आणि चिडचिड होतेय, म्हणून लिहितेच.

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी सहनिर्णय का काय तो अगदी पुस्तकातल्यासारखा केला. दोन पर्याय. फक्त गाठ काढून किरणोपचार, किंवा पूर्ण स्तन काढणं. माझ्या टप्प्यावर दोन्हींत जगण्याची शक्यता सारखीच, वीस वर्षं पाठपुरावा केलेले अभ्यास आहेत, हे घ्या पत्रक, विचार करून सांगा. आणि मला घरी पाठवलं.

चार रात्री झोपले नाही. मला वाटत होतं यांनी मला सोडून दिलंय. बुडणाऱ्याला दोरी टाकायच्या ऐवजी दोन दोऱ्यांची माहितीपुस्तिका दिली. सगळ्यांनाच ठरवायचं नसतं हो. मला कुणीतरी 'असं करू या' म्हणायला हवं होतं.

कुंपणावरचा

नकोच_ते, हे मी धागा काढताना लक्षातच घेतलं नव्हतं. तुम्ही शेवटी काय केलंत? सांगायचं नसेल तर नका सांगू.

नकोच_ते

सांगते ना. पाचव्या दिवशी गेले आणि रडले. डॉक्टर खुर्ची घेऊन माझ्या बाजूला येऊन बसल्या. म्हणाल्या, पर्याय बाजूला ठेवू. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मी म्हटलं, रोज किरणांसाठी त्या इमारतीत यायची. माझी बहीण तिथेच गेली. त्या म्हणाल्या, मग पूर्ण काढू या, बहुतेक वेळा त्यानंतर किरणांची गरज पडत नाही, तुमच्या रिपोर्टवरून तरी तसंच दिसतंय. मी हो म्हटलं आणि त्या रात्री झोपले.

स्टेथोधारी

पण हाच तर सहनिर्णय झाला! पहिल्या दिवशी झाली ती नुसती माहितीची पोचवणी. खुर्ची टेबलाच्या अलीकडे आली त्या दिवशी निर्णय दोघींचा झाला. ठरवलं त्यांनी, पण तुमच्या भीतीवरून ठरवलं.

नकोच_ते

असेल. तेव्हा मला त्याचं नाव माहीत नव्हतं. आणि त्या चार रात्री मी अजून कुणाला माफ केलेल्या नाहीत.

दशांश

नकोच_ते एकट्या नाहीत. अमेरिकेतल्या २००५ च्या एका पाहणीत सुमारे २७०० लोकांना विचारलं होतं. ९६ टक्के म्हणाले, आम्हाला पर्याय सांगा, आमचं मत विचारा. आणि ५२ टक्के म्हणाले, शेवटचा निर्णय मात्र डॉक्टरांनी घ्यावा. वरवर विसंगत वाटतं. मला तरी वाटत नाही.

उंबरठा_ओलांडून

कायद्याची बाजू थोडक्यात, फार ताणत नाही. 'डॉक्टरमंडळी जेवढं सांगणं रीतसर मानतात तेवढं सांगितलं की पुरे' ही जुनी फूटपट्टी होती. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात ती बदलली. मधुमेह असलेली, लहान चणीची आई, बाळ मोठं. प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा धोका तिला सांगितलाच नव्हता, कारण सांगितला तर ती सिझेरियन मागेल असं डॉक्टरांना वाटलं. न्यायालय म्हणालं, त्या जागी असलेल्या समंजस रुग्णाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायला हवं, आणि वाजवी पर्यायही सांगायला हवेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये संमतीवर सविस्तर निकाल दिला, त्यात पर्याय आणि धोके सांगणं बंधनकारक धरलं, पण किती सांगायचं याची फूटपट्टी मात्र वैद्यकीय व्यवसायाच्या रूढ पद्धतीचीच ठेवली.

माझा अनुभव असा, की कायद्याने फॉर्म लांब होतात, संभाषण लांबत नाही. दोरीला बांधलेलं पेन तेच राहतं.

कुंपणावरचा

सगळ्यांचं वाचलं. एक प्रश्न मलाच मी विचारतोय: मी का नाही विचारलं? मी अडाणी नाही, भिडस्त म्हणावं इतकाही नाही. ऑफिसात दोनशे माणसांपुढे हुज्जत घालतो. त्या खुर्चीत बसल्यावर वाचा का बसली?

शोधलं तर एक उत्तर सापडलं. कॅलिफोर्नियातला २०१२ चा अभ्यास, ४८ माणसं, बहुतेक शिकलेली, खाऊनपिऊन सुखी. त्यांनीही तेच सांगितलं. जास्त विचारलं तर डॉक्टरांना वाटेल हा त्रासदायक पेशंट आहे, आणि मग उपचारात हात आखडतील. मला अगदी हेच वाटलं होतं. मंगळवारी हा माणूस माझ्या मणक्याजवळ चाकू घेऊन उभा राहणार आहे, याला आज कशाला दुखवा!

म्हणजे मला माहिती कमी पडली हे अर्धंच खरं. माहिती असती तरी तोंड उघडलं असतं का?

शांतता_राखा

नसतं उघडलं. मी बघते ना. फोनवर सगळं वाचून आलेले असतात, छापील कागद घडी घालून पिशवीत असतो, तो बाहेर काढत नाहीत.

आम्ही ओपीडीत एक करून बघितलं. बाहेर बसलेल्यांना चिठ्ठी द्यायची, तिच्यावर तीन प्रश्न छापलेले. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी केलेले आहेत, मराठीत साधारण असे: माझ्यापुढे कोणकोणते मार्ग आहेत (काहीच न करता थांबणं धरून)? प्रत्येकाचे फायदे-तोटे काय? ते माझ्या बाबतीत होण्याची शक्यता किती? चिठ्ठी दवाखान्यानेच दिली की विचारणाऱ्याला चोरट्यासारखं वाटत नाही. डॉक्टरांनीच परवानगी दिल्यासारखं होतं. काही डॉक्टरांना आवडलं. एकांनी मला विचारलं, "हे तुम्ही माझ्यावर सोडलंत का?"

सुपारीएवढं

तीन प्रश्न पाठ करतेय.

कुंपणावरचा (सहा आठवड्यांनंतर)

धागा वर काढतोय. आज तपासणी होती.

चिठ्ठी केली होती. शर्टाच्या खिशात ठेवली. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, "छान" म्हणाले आणि लिहायला लागले. मी खिशाला दोनदा हात लावला. नाही निघाली चिठ्ठी. उठलो, दाराची कडी धरली, आणि तिथून पाठमोराच विचारलं, "डॉक्टर, तेव्हा ऑपरेशन केलं नसतं तर?"

मला वाटलं चिडतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "तर कदाचित तीन-चार महिन्यांत आपोआप उतरलं असतं. कदाचित नसतं. खात्रीने कुणीच सांगू शकत नाही."

"मग तेव्हा सांगितलं नाहीत?"

त्यांनी केसपेपर उलटा चाळत पहिलं पान काढलं आणि माझ्याकडे वळवलं. त्यांच्याच अक्षरात, कोपऱ्यात लिहिलेलं: रजा नाही. लवकर कामावर जायचंय.

मला आठवलं. तपासणीच्या टेबलावर पालथा झोपलो होतो तेव्हा ते सहज म्हणाले होते, काम कसं चाललंय? मी म्हटलं, "काम काय, रजा कुठली मिळतेय!" असं आपण म्हणतोच. माझी त्या वेळी ९० दिवसांची रजा शिल्लक होती.

स्टेथोधारी

म्हणजे त्याने तुमचा विचार केला होता. विचारलं नव्हतं, इतकंच. मीही असे कोपरे भरून ठेवलेत. उद्या ओपीडीत जुने कागद उघडायची भीती वाटतेय.

दशांश

२०१२ मध्ये ब्रिटनमधल्या एका अहवालाने याला नाव दिलं होतं, पसंतीचं चुकलेलं निदान. आजार बरोबर ओळखला, माणूस चुकीचा ओळखला. त्यात एक आकडा दिलाय: स्तन वाचवणं ही रुग्णाची सर्वोच्च इच्छा असते असं डॉक्टरांना ७१ टक्के रुग्णांबाबत वाटत होतं, आणि रुग्णांना विचारलं तर तसं म्हणणाऱ्या फक्त ७ टक्के.

नकोच_ते

मी त्या ९३ मधली.

खडूफळा

स्टेथोधारी, एक विचारायचं होतं. माझं पुढच्या आठवड्यात मोतीबिंदूचं आहे. डोळ्यात बसवायची लेन्स लांबचं दिसणारी, जवळचं दिसणारी अशी वेगवेगळी असते का?

स्टेथोधारी

माझा विषय नाही, पण हो. साध्या लेन्सने एकाच अंतराचं स्वच्छ दिसतं, दुसऱ्यासाठी चष्मा लागतो. काही सांगितलं नाही तर बहुधा लांबचं धरतात. तुम्ही दिवसभर काय करता, सर?

खडूफळा

वाचतो. दुसरं काय करणार!

स्टेथोधारी

हे त्यांना सांगितलंत?

खडूफळा

त्यांनी मंगळवार चालेल का एवढंच विचारलं.